आपल्याच शहराचे पाहुणे

नाशिकला लोक कशासाठी येतात, असे विचारले तर उत्तरे ठरलेली आहेत. पंचवटी आणि त्र्यंबकेश्वरच्या यात्रेला, शिर्डीला जाता-येता एका मुक्कामाला, अलीकडे द्राक्षांचे मळे पाहायला. दर 12 वर्षांनी सिंहस्थ भरतो तेव्हा तर सारा देश गोदावरीच्या काठावर लोटतो. आपल्या घरांतली उत्तरे मात्र वेगळी असतात. मालेगाव, मनमाड, येवला, धुळे इकडची आपली कुटुंबे नाशकात येतात ती लग्नाला, मोठ्या दवाखान्यात, मुलांच्या परीक्षेला किंवा कोर्टकचेरीच्या कामाला. काम झाले की संध्याकाळची एसटी. सहल काढायची ठरली की नावे निघतात अजमेरची, हैदराबादची, आग्र्याची, फार तर खुल्ताबाद-दौलताबादची. जे नाशकातच राहतात त्यांचे तर विचारूच नका. घरासमोरचा डोंगर पाहायला कोण जातो?

आठवीच्या वर्गात एकदा धड्याच्या ओघात पांडवलेण्यांचा विषय निघाला. मुंबईकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीतून तो डोंगर दिसतो, त्यामुळे नाव सगळ्यांना माहीत होते. एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "सर, पांडवलेणी आपली आहेत का?"

वर्गात कुणी हसले नाही. उत्तर सगळ्यांनाच हवे होते.

'आपली' म्हणजे नेमकी कुणाची, हे तिने सांगितले नाही. सांगायची गरजही नव्हती. तेरा वर्षांच्या मुलीच्या मनात शहराची वाटणी होऊन गेलेली असते. इतके आमचे, इतके त्यांचे. ही वाटणी तिला कुणी बसवून शिकवलेली नसते. घरचे तिला कुठे नेतात आणि कुठे नेत नाहीत, एवढ्यावरून ती आपोआप तयार होते.

आमच्या शाळेत इतिहास शिकवणारे सर आमचे 20 वर्षांचे दोस्त आहेत. मधल्या सुट्टीत डबा खाताना आम्ही त्यांना हा प्रश्न सांगितला. त्यांनी डब्याचे झाकण लावले आणि म्हणाले, "माझ्या पोराला विचारून बघा, दूध बाजार आपला आहे का. तोही तुमच्या तोंडाकडे बघत राहील. गंगापूर रोडला वाढलाय तो. जुन्या नाशकात त्याच्या आजोबांचं घर होतं, हे त्याला ऐकूनच माहीत."

तिथेच बेत ठरला. एका रविवारी त्यांनी यजमान व्हायचे आणि आम्ही पाहुणे. पुढच्या रविवारी आम्ही यजमान, ते पाहुणे. दोन्ही घरची सगळी माणसे सोबत, आजीपासून धाकट्यापर्यंत. प्रवास करून आधीच्या लोकांच्या खुणा डोळ्यांनी पाहण्याची ताकीद कुरआन शरीफने एकदा नव्हे, अनेकदा दिली आहे. त्यासाठी लांबचे तिकीट काढावे लागते असे थोडेच आहे!

पहिला रविवार

पांडवलेणी शहराच्या मध्यापासून आठ-नऊ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्याला लागून आहेत. पांडवांशी त्यांचा संबंध फक्त नावापुरता. डोंगराचे जुने नाव त्रिरश्मी. बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी आणि उपासनेसाठी येथे 24 लेणी कोरली गेली, आणि हे काम सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सुरू झाले. पायऱ्या बऱ्याच आहेत. आमच्या अम्मी आणि सरांच्या आई, दोघींनी खालूनच हात जोडले. "तुम्ही या जाऊन, आम्ही बसतो गप्पा मारत," म्हणाल्या आणि झाडाच्या सावलीत चटई टाकून बसल्या. त्या गप्पांचा पुढे फार उपयोग झाला. ते नंतर सांगतो.

पुरातत्त्व खात्याच्या अशा ठिकाणी 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. त्यामुळे पोरांची पलटण पुढे आणि आम्ही मागे. सरांनी आधी सगळ्यांना 10 क्रमांकाच्या लेण्यापाशी नेले. ओसरीच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीतल्या ओळी कोरल्या आहेत. हा लेख शक राजा नहपानाचा जावई उषवदात याचा. सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा. सरांनी वहीतून त्याचा अर्थ वाचून दाखवला.

या माणसाने काय काय केले ते त्यात लिहिले आहे. तापी, पार, दमणगंगा अशा सहा नद्यांवर त्याने लोकांना पैसे न घेता पलीकडे नेणाऱ्या नावा ठेवल्या. भडोच, मंदसोर, नाशिकजवळचे गोवर्धन आणि सोपारा या ठिकाणी मुसाफिरांसाठी चौसोपी निवारे बांधले. विहिरी, तलाव, बागा केल्या. ब्राह्मणांना दाने दिली आणि हे लेणे भिक्षूंना दिले.

आमच्या बेगम ऐकत होत्या. म्हणाल्या, "विहीर, नाव, मुसाफिरखाना. हा तर सदका-ए-जारिया झाला."

सरांना त्या शब्दाचा अर्थ हवा होता. माणूस गेल्यावरही ज्याचे पुण्य चालू राहते असे दान, असे आम्ही सांगितले. त्यांनी तो शब्द वहीत टिपून घेतला. मग म्हणाले, "आता पोरांसाठी गणित."

गणित असे होते. उषवदाताने 3000 कार्षापण, म्हणजे त्या काळची चांदीची नाणी, कायमची ठेव म्हणून गोवर्धनच्या विणकरांच्या संघांकडे ठेवली. 2000 एका संघाकडे, दरमहा शेकडा एक या दराने. 1000 दुसऱ्या संघाकडे, दरमहा शेकडा पाऊण या दराने. पहिल्या ठेवीच्या उत्पन्नातून या लेण्यात पावसाळा काढणाऱ्या 20 भिक्षूंना कपड्यासाठी पैसे द्यायचे. तर प्रत्येकाला वर्षाला किती मिळतील?

सरांच्या मुलाने आणि आमच्या मुलाने एकदमच उत्तर दिले, "बारा!" महिन्याला 20, वर्षाला 240, ते 20 जणांत वाटले की 12. सरांनी वही पुढे केली. दगडावर नेमका तोच आकडा आहे: प्रत्येकी 12. एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशेब पोरांनी तोंडी पडताळून पाहिला, याचा त्यांना कोण आनंद!

आमच्या लेकीला मात्र शंका आली. "पण अब्बा, हे व्याज झालं ना?" तिचे बरोबर होते, आणि आम्ही तसे सांगितले. आपल्याकडे व्याज चालत नाही. पण या व्यवहारातला दुसरा भाग पाहा. मूळ रक्कम कधीच खर्च करायची नाही, तिच्या उत्पन्नातून लोकांची गरज भागत राहायची. शिलालेखात त्याला 'अक्षयनीवी' म्हटले आहे. मूळ मालमत्ता राखून तिचा फायदा लोकांना देत राहण्याची आपल्याकडची रीत म्हणजे वक्फ. रीत वेगळी, नियम वेगळे, पण त्यामागची माणसाची कळकळ ओळखीची आहे. हा दानाचा करार गावच्या सभेत जाहीर केला आणि फळ्यावर नोंदवून ठेवला, असेही लेखात आहे. म्हणजे हिशेबाची चोखताही होती.

आणि विश्वासाने पैसे ठेवले कुणाकडे? विणकरांकडे. ज्या जिल्ह्यात आज मालेगावचे यंत्रमाग रात्रंदिवस खडखडतात, त्याच भागात एकोणीसशे वर्षांपूर्वी विणकरांची पत इतकी होती की राजाचा जावई त्यांच्याकडे ठेव ठेवत होता. आपल्या अन्सारी, मोमीन घरांतल्या मुलांना हे सांगितले पाहिजे.

त्याच लेण्याच्या परिसरात थोड्या नंतरच्या काळचा आणखी एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या एका शक बाईने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी अशीच ठेव ठेवली होती. तिची ठेव ज्यांच्याकडे होती त्यांत तेल्यांचा संघ होता, पाणी उपसण्याची यंत्रे बनवणाऱ्यांचाही होता. पुढे 17 क्रमांकाचे लेणे आहे. ते इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाचे, म्हणजे ग्रीक वंशाच्या माणसाचे दान. तो उत्तरेकडून आलेला होता. हे लेणे त्याने आपल्या आईवडिलांच्या मानासाठी कोरवून घेतले. 3 क्रमांकाचे भव्य लेणे गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेचे. हे घराणे वैदिक यज्ञ करणारे, तरी तिने लेणे दिले ते बौद्ध भिक्षूंना.

पोरे बोटांवर मोजत होती. शक, यवन, सातवाहन, विणकर, तेली. शेवटी सर आम्हाला 18 क्रमांकाच्या चैत्याच्या दाराशी घेऊन आले. दारावरच्या कमानीत एक छोटासा लेख आहे. त्यात कुणा राजाचे नाव नाही. नासिकच्या लोकांपैकी धंबिक नावाच्या गावाने हे दान दिले, एवढेच त्यात म्हटले आहे.

सोमवारी वर्गात आम्ही त्या लेखाचा अर्थ फळ्यावर लिहिला आणि त्या मुलीला म्हणालो, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर दोन हजार वर्षांपूर्वी दारावरच कोरून ठेवलंय. हे नासिकच्या लोकांचं आहे. तू कुठं राहतेस?"

"नाशकात," ती म्हणाली. मग थोडा विचार करून तिने दुसरा प्रश्न विचारला. "पण सर, बाकीच्या लोकांना माहीत आहे का, की आपण पण नासिकचेच आहोत?"

या प्रश्नाचे उत्तर कुठल्या दारावर कोरलेले नाही. ते दुसऱ्या रविवारी शोधायचे होते.

पण पहिल्या रविवारची एक गोष्ट राहिली. डोंगर उतरून आम्ही सगळे मिसळ खायला बसलो. नाशिकची मिसळ म्हणजे काळ्या मसाल्याचा रस्सा, सोबत पापड आणि दही. दोन घरांनी एकत्र जेवायला मिसळीसारखे दुसरे काही नाही. यात काय घातले आहे, हे चालेल का, असे कुणी कुणाला विचारायचे कारण पडत नाही. मिसळ येईपर्यंत सरांनी मोबाईलवर एका नाण्याचे चित्र दाखवले. चांदीचा रुपया, त्यावर फारसी अक्षरे. आम्हाला वाचायला सांगितले. आम्ही वाचले: मोगल बादशहा शाहआलम याचे नाव, आणि टांकसाळीचे नाव, गुलशनाबाद.

गुलशनाबाद म्हणजे आपले नाशिकच. मोगल काळात शहराला हे नाव होते. बागांचे शहर. द्राक्षे आणि गुलाब पिकवणाऱ्या गावाला ते शोभतेही. पण हे नाणे पाडले गेले ते मराठ्यांच्या राज्यात! अठराव्या शतकात नाशिक पेशव्यांकडे आल्यावरही येथल्या टांकसाळीतून रुपया निघत होता तो फारसी अक्षरांचा, दिल्लीच्या बादशहाच्या नावाचा आणि गुलशनाबाद असा शिक्का असलेला. पुण्याच्या टांकसाळीच्या नाण्यांवरही 'मुहियाबाद' असे नाव असे. कारण व्यवहाराचे होते. लोकांचा ज्या नाण्यावर भरवसा, ते नाणे बाजारात चालते. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची एक संशोधन संस्था आहे. मराठ्यांच्या टांकसाळींवरचा माहेश्वरी आणि विगिन्स यांचा मोठा ग्रंथ 1989 मध्ये तिथूनच निघाला. नाण्यांची आवड असलेल्या मुलांना तेथे जरूर न्यावे.

"आता मला सांगा," सर म्हणाले, "हा रुपया कुणाचा? तुमचा का आमचा?"

आमचा मुलगा म्हणाला, "काका, ज्याच्या खिशात असेल त्याचा." सगळे खो-खो हसले.

दुसरा रविवार

आता पाळी आमची होती. बाहेरगावच्या लोकांना नाशिक दाखवणाऱ्या एका टूरवाल्याचे छापील पत्रक आमच्याकडे होते. त्यातल्या नकाशात गोदाघाट होता, मंदिरे होती, मळे होते, महामार्ग होता. मध्ये जुने नाशिक जिथे असायला हवे तिथे कोरी जागा. ना गल्ली, ना नाव. एका रिक्षावाल्याने तर एकदा आमच्याच पाहुण्यांना सांगितले होते की तिकडे बघण्यासारखे काही नाही. आमचे घर तिकडेच आहे, हे त्याला ठाऊक नव्हते.

सुरुवात आम्ही गोदाघाटापासून केली. नाशिकच्या सगळ्या माणसांचे एक मोजमाप तिथे उभे आहे, दुतोंड्या मारुती. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की शहरभर एकच प्रश्न फिरतो, "पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं?" गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. दूध बाजारातला दुकानदारही तेच विचारतो आणि पंचवटीतला पुजारीही. पाणी चढले की भांडी बाजारात आणि सराफ बाजारात शिरते, तेव्हा माल वर चढवायला हात कुणाचा लागतो हे कुणी पाहत नाही. त्याहून मोठा पूर मोजायचा असेल तर नारोशंकराच्या देवळाची घंटा. घंटेला पाणी लागले म्हणजे महापूर.

ही घंटा मूळची पोर्तुगीजांची. 1739 मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली, त्या विजयाची ती निशाणी. सरदार नारोशंकर राजेबहाद्दरांनी 1747 मध्ये हे शिवमंदिर बांधले. मालेगावचा भुईकोट किल्लाही त्यांनीच बांधला. 1740 च्या सुमारास सुरू झालेले ते काम 25 वर्षे चालले. त्या कामासाठी सुरतेहून आणि उत्तरेतून मुसलमान कारागीर आले आणि मालेगावातच राहिले. आज मालेगाव म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर जे येते, त्याची एक सुरुवात एका मराठा सरदाराच्या किल्ल्यात आहे. सरांच्या मुलाला हे नवीन होते. आमच्या मुलांनाही.

घाटापलीकडे काळाराम मंदिराचा रस्ता आहे. तेथे सरांनी स्वतःहून पोरांना 2 मार्च 1930 ची गोष्ट सांगितली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली दलितांनी मंदिर प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू केला आणि तो पाच वर्षे चालला. दार उघडले नाही. 13 ऑक्टोबर 1935 ला याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. "दार बंद करणं फक्त दोन धर्मांतच होतं असं समजू नका," सर मुलांना म्हणाले. हे सांगायला दोस्तही तसाच लागतो. पाहुण्यांसमोर घरातले फक्त चांगलेच दाखवायचे असते, असे त्यांना वाटले नाही.

मग दिल्ली दरवाजाकडून आम्ही आत शिरलो. जुन्या नाशकात चालताना नावे नुसती मोठ्याने वाचली तरी इतिहास होतो. दिल्ली दरवाजा, काजीपुरा, कोकणीपुरा, पिंजार घाट, तांबट आळी, सराफ बाजार, भद्रकाली, दूध बाजार. काजीचा न्याय, कोकणातून आलेली घराणी, कापूस पिंजणारे, तांबे ठोकणारे, सोने तोलणारे, देवी आणि दूध, सगळे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. सरकारवाड्यापाशी आम्ही थांबलो. पेशवाईतली ही वास्तू. 'पेशवा' हा शब्द फारसी, 'सरकार' हा शब्द फारसी, 'वाडा' आपला मराठी. बोलताना हे शब्द कधी एकमेकांशी भांडले नाहीत.

बडी दर्गा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हजरत सय्यद सादिक शाह हुसैनी यांच्या दर्ग्यात गेलो. आम्ही फातिहा पढली. वहिनींनी डोक्यावर पदर घेतला आणि आमच्या बेगमच्या शेजारी शांत उभ्या राहिल्या. असरची वेळ झाली तेव्हा आम्ही नमाजला गेलो. बाहेर आलो तर सरांची धाकटी मुलगी आमच्या सगळ्यांच्या चपलांवर पहारा देत उभी होती. "चाचा, एक पण हलू दिली नाही," म्हणाली.

आता त्या पायथ्याच्या गप्पांची गोष्ट. मागच्या रविवारी झाडाखाली बसून सरांच्या आईंनी आमच्या अम्मींना आपल्या सासरच्या घराविषयी सांगितले होते. लग्न होऊन त्या जुन्या नाशकातल्या एका वाड्यात आल्या. भिंतीला भिंत लागून एका मुस्लिम कुटुंबाचे घर होते. तिथल्या बाईंना त्या चाची म्हणत. दर ईदला चाचींकडून ताट यायचे. पण त्यात शिरखुर्मा नसायचा. कोरड्या शेवया, साखर, खारीक, बदाम, चारोळी आणि लोटाभर कच्चे दूध. कारण आजींच्या सासूबाईंना दुसऱ्यांच्या घरचे शिजवलेले चालत नसे, आणि चाचींना ते माहीत होते. मग आजी तोच शिधा आपल्या चुलीवर शिजवायच्या. दिवाळीला इकडून फराळ जायचा. चाची तो आनंदाने घ्यायच्या आणि भांडे रिकामे परत न पाठवता त्यात साखर घालून द्यायच्या. पुढे वाडा विकला गेला. कुटुंब गंगापूर रोडला गेले. तीस वर्षे झाली, आजी त्या गल्लीत पुन्हा आल्या नव्हत्या. नातवंडांना शाळा, मुलाला नोकरी, मध्ये शहरात काही वाईट दिवस येऊन गेले. जायचे राहून गेले.

अम्मींनी आठवडाभरात गल्लीतल्या बायकांकडे चौकशी करून ते घर शोधून काढले. चाची केव्हाच अल्लाहला प्याऱ्या झाल्या होत्या. वाड्याच्या जागी तीन मजली इमारत उभी होती. चाचींचे घर मात्र होते, आणि त्यांची सून होती. त्याही आता साठीच्या पुढच्या. दारात आजींना पाहून त्यांना ओळख पटेना. मग आजी म्हणाल्या, "अगं, लिंबाच्या लोणच्याची बरणी यायची बघ, त्या घरची मी."

"काकू!" त्या ओरडल्याच. मग दोघींनी एकमेकींचे हात धरले ते सोडले नाहीत. बोलणे थोडे, नावे जास्त. अमकी कुठे आहे, तमका काय करतो, कोण गेले, कोण राहिले.

चहा आला. क्षणभर सगळे आजींकडे पाहू लागले. त्यांच्याही ते लक्षात आले. त्यांनी कप उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "सासूबाई आता नाहीत गं. आणि असत्या तरी आज मी ऐकलं नसतं."

सर खिडकीतून बाहेर पाहत राहिले.

घरी परतल्यावर आम्ही या गोष्टीवर बराच विचार केला. जुने दिवस सोन्याचे होते, तेव्हा काही भेदच नव्हता, असे म्हणायची आपल्याला सवय आहे. आजींची गोष्ट तसे सांगत नाही. भेद होता, चुलीपर्यंत होता, आणि त्याचा कुणाला त्रासही झाला असेल. पण चाचींनी त्या भेदावर रुसून ताट पाठवणे बंद केले नाही. समोरच्याची अडचण ओळखून त्यांनी ताटातली वस्तू बदलली. आज शिजवलेले न चालणारी माणसे फारशी उरली नाहीत, आणि ताट पाठवायला भिंतीला भिंत लागून शेजारही उरला नाही. मुलांच्या शाळा वेगळ्या, वस्त्या वेगळ्या. एकमेकांची माहिती मिळते ती मोबाईलवरून, आणि ती कशी असते हे आपण जाणतो. मग त्या मुलीने विचारलेला प्रश्न उद्या दोन्हीकडची मुले विचारायचेही सोडून देतील. हे टाळायचे असेल तर सहल फार मामुली वाटते. पण आम्ही डोळ्यांनी पाहिले. सरांच्या मुलाला आता दूध बाजारातली एक खिडकी माहीत आहे, जिथे त्याच्या आजीला काकू म्हणणारे कुणी राहते. कोऱ्या नकाशात एक घर भरले गेले.

सरकारी फलक आणि वाटाडे यांची गरज आहेच. पण ते सन-सनावळी सांगतात. पुराचे पाणी चढले तेव्हा कुणी कुणाला गच्चीवर घेतले, हे फलकावर नसते. ते दोस्तच सांगू शकतो. म्हणून वाचक बंधू-भगिनींना आमची सूचना अशी की, ज्या गावात राहता तिथेच हा प्रयोग करून पाहावा. एक घर आपले, एक घर दोस्ताचे. एक दिवस त्यांनी दाखवायचे, एक दिवस आपण. ज्येष्ठांना सोबत घ्यावेच, कारण खरा नकाशा त्यांच्याकडे असतो. मुलांच्या हातात वही द्यावी. आपली मशीद, दर्गा, जुनी गल्ली दाखवण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारून तिची माहिती नीट करून घ्यावी. पाहुण्याने प्रश्न विचारला आणि आपल्याच घराची माहिती नसली, असे होऊ नये. त्यांच्याकडे गेल्यावर मोकळ्या मनाने ऐकावे. जे पटत नाही ते तिथेच, प्रेमाने विचारावे. नमाजच्या वेळेची, खाण्यापिण्याची गोष्ट आधीच बोलून घेतली की कुणाला अवघड वाटत नाही.

नाशिकला येणार असाल तर पांडवलेणी सकाळी लवकर गाठा, उन्हाच्या आत. 3, 10, 17 आणि 18 ही लेणी चुकवू नका. पाण्याची बाटली सोबत ठेवा. दुपार मिसळीसाठी राखून ठेवा आणि संध्याकाळ जुन्या नाशकासाठी, पायी.

आमच्या दोन्ही घरांचा पुढचा बेत दिवाळीच्या सुट्टीत मालेगावचा आहे. नारोशंकरांचा किल्ला पाहायचा आणि यंत्रमागावर कापड कसे निघते ते पोरांना दाखवायचे. आजी आणि अम्मी आत्तापासून जागा धरून बसल्या आहेत, एकमेकींच्या शेजारची. चाचींच्या सूनबाईही येतो म्हणाल्या आहेत. गाडी ठरवली आहे. तिच्यात अजून दोन जागा रिकाम्या आहेत.